वर्गातला पडदा कोणाची जागा घेतो?

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली वळणे शक्य तितकी तशीच ठेवली आहेत.)

आज गुरुवार आहे, म्हणून सभागृहात एवढी माणसं दिसताहेत. इतर गावांत व्याख्यान रविवारी ठेवतात. आपल्याकडे, म्हणजे भोसरीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात, रविवारी ठेवलं तर निम्मे श्रोते मशिनवर असतात, कारण एमआयडीसीची सुट्टी गुरुवारची. हे गंमत म्हणून सांगत नाही. आजच्या विषयाशी त्याचा संबंध आहे, तो पुढे येईल.

विषय आहे वर्गातल्या स्क्रीनचा, आणि तिच्याबद्दल पालकांना, शिक्षकांना वाटणाऱ्या काळजीचा. गेली काही वर्षं आम्ही पालकसभांमध्ये, शिक्षकांच्या बैठकांमध्ये बसतोय, ऐकतोय. पालक काय म्हणतात? डोळे खराब होतील. मोबाईलची सवय शाळाच लावते. आम्ही घरी हातातून काढून घ्यायचा आणि शाळेने ‘अभ्यास ग्रुपवर टाकलाय’ म्हणून परत हातात द्यायला लावायचा. शिक्षक काय म्हणतात? मुलांचं लक्ष टिकत नाही. गोष्ट सांगायला लागलो तर विचारतात, व्हिडिओ नाही का? या सगळ्या तक्रारी खऱ्या आहेत. पण त्या एकाच पोत्यात भरल्या जातात, आणि मग ‘स्क्रीन हवी की नको’ असा कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेसारखा प्रश्न उभा राहतो. त्या प्रश्नाचं उत्तर काहीही दिलं तरी सोमवारी सकाळी वर्गात काही बदलत नाही.

हे बघा, शाळेच्या संदर्भात आपण ‘स्क्रीन’ म्हणतो तेव्हा निदान चार वस्तूंबद्दल बोलत असतो. भिंतीवरचा टीव्ही किंवा स्मार्ट बोर्ड. मुलाच्या हातातला टॅब. घरी आईबापाचा फोन, ज्यावर गृहपाठ येतो. आणि चौथी, जिच्याबद्दल पालकसभेत कोणी अवाक्षर काढत नाही, ती म्हणजे शिक्षकाच्या हातातला फोन. चारही वस्तूंचं काम वेगळं, नुकसान वेगळं, आणि जबाबदार माणूसही वेगळा. आठ फुटांवरच्या टीव्हीबद्दलची तक्रार वीतभर अंतरावरच्या मोबाईलच्या नावाने मांडली की शाळेचे लोक सुटतात. ‘आमच्याकडे तर मोबाईलला बंदी आहे,’ असं सांगतात आणि सभा संपते.

आता थोडं आपल्याबद्दल, म्हणजे पालकांबद्दल. नाशिक रस्त्याने मोशीवरून चाकणकडे जा. ट्रॅफिकमुळे फ्लेक्स वाचायला भरपूर वेळ मिळतो. (हशा) शाळांच्या जाहिरातीत काय असतं? डिजिटल क्लासरूम, सीसीटीव्ही, बस. शिक्षक किती आहेत, एका वर्गात मुलं किती, शिक्षक किती वर्षं टिकतात, यातलं काही त्या फ्लेक्सवर नसतं. कारण आपण ते विचारत नाही. कंत्राटी कामगार ओव्हरटाइम करून फी भरतो. त्याला त्या फीच्या बदल्यात डोळ्यांना दिसेल असं काहीतरी हवं असतं. चांगला शिक्षक डोळ्यांना दिसत नाही, पासष्ट इंचांचा पडदा दिसतो. तेव्हा जून महिन्यात ज्या पडद्याकडे बघून आपण प्रवेश घेतला, त्याच पडद्याबद्दल दिवाळीनंतर तक्रार करतो. यात ढोंग नाही. ज्याला शाळेच्या आत बसता येत नाही त्याला बाहेरूनच अंदाज बांधावा लागतो, आणि अंदाज बांधायला शाळा जे देते तेवढंच हातात असतं.

पडद्याने शिक्षण बदलेल हे आश्वासन नवं नाही, ते आता शंभरीच्या पुढे गेलंय. थॉमस एडिसनने 1913 साली सांगितलं होतं की शाळांतली पुस्तकं लवकरच कालबाह्य होतील आणि चलच्चित्रांतून सगळं शिकवता येईल. त्या भाकिताचं काय झालं हे दप्तर उचलून बघा, कळेल. आपल्या पुण्यात 1984 साली ‘बालचित्रवाणी’ उभी राहिली. तुमच्यातल्या चाळिशीपुढच्या मंडळींना दूरदर्शनवरचे ते कार्यक्रम नक्की आठवत असतील. त्यातले काही फार चांगले होते, असं आमचं आजही मत आहे. पण कार्यक्रम लागायचा तेव्हा शाळेत वेगळाच तास चालू असायचा, नाहीतर टीव्ही मुख्याध्यापकांच्या खोलीत कुलपात असायचा. 2017 मध्ये ती संस्था बंद झाली. मराठीत मुलांसाठी इतकी वर्षं चित्रफिती बनवणारी संस्था बंद होते, आणि त्याच काळात गावोगाव ‘डिजिटल शाळा’ म्हणून टीव्ही बसवले जातात, हा योगायोग बोलका आहे. यंत्र विकत घ्यायला आपण तयार होतो. त्यावर मराठीत काय दाखवायचं हे तयार करणारी माणसं मात्र आपल्याला परवडेनात.

डिजिटल शाळांची लाट तुम्हाला आठवत असेल. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात पाष्टेपाडा म्हणून छोटा पाडा आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेत टॅबवर शिकवणं सुरू झालं, त्याचं राज्यभर कौतुक झालं आणि ते योग्यच होतं. 2015 मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला. मग गावागावांत लोकवर्गणी सुरू झाली. शेतकऱ्यांनी, माजी विद्यार्थ्यांनी पैसे काढले, टीव्ही आले, प्रोजेक्टर आले. एखाद्या गावाने शाळेसाठी पदरचे पैसे काढणं ही साधी गोष्ट नाही, तिला आम्ही नावं ठेवणार नाही. पण पुढे काय झालं? बिल थकलं म्हणून शाळेची वीज तोडली, अशा बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. आपल्या शहराची 2017 मध्ये स्मार्ट सिटी योजनेत निवड झाली, त्यातून महापालिकेच्या शाळांत ई-क्लासरूम आल्या. खाजगी शाळांचा प्रकार वेगळा. तिथे एखादी कंपनी बोर्ड, सॉफ्टवेअर, पुस्तकं असं सगळं एकत्र करार करून देते आणि पैसे मुलांच्या फीतून जातात. ‘एज्युकॉम्प’ ही या धंद्यातली एकेकाळची मोठी कंपनी, 2017 मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. ‘बायजूज’चं 2024 मध्ये तेच झालं. कंपनी गेली की बोर्ड भिंतीवर राहतो. सॉफ्टवेअर अपडेट होत नाही, बिघडलेला भाग मिळत नाही.

इथे बसलेल्यांपैकी बरेच जण प्रॉडक्शनला, क्वालिटीला, मेंटेनन्सला आहेत. तुमच्या लाइनवर नवं मशिन येतं तेव्हा काय होतं? ट्रायल होते. किती पीस काढले, किती रिजेक्ट झाले, सायकल टाइम किती कमी झाला, हे लिहून काढल्याशिवाय कोणी सही करत नाही. एएमसी कोणाकडे, स्पेअर किती दिवसांत मिळणार, हे आधी ठरतं. शाळेत पडदा येतो तेव्हा यातलं काही होत नाही. उद्घाटन होतं, नारळ फुटतो, फोटो निघतो. मुलांना काय यायला लागलं, आधी काय येत नव्हतं, याची नोंद कोणाकडेच नसते. मुलं म्हणजे पीस नव्हेत, हे आम्हालाही कळतं. पण शंभर रुपयांच्या बुशसाठी जेवढी खातरजमा करतो, तेवढी तरी पोराच्या तासासाठी करावी की नाही?

खातरजमा जगात झालीय, आणि आपल्या देशातही झालीय. त्यातलं एक काम आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, म्हणून त्यावर जरा थांबतो. गुजरातमध्ये ‘ज्ञानशाला’ नावाची संस्था गरीब मुलांसाठी वर्ग चालवते. ली लिंडन या अर्थतज्ज्ञाने तिथे दुसरी-तिसरीच्या मुलांवर गणिताच्या संगणक कार्यक्रमाचा प्रयोग तपासला. कार्यक्रम एकच. पण काही ठिकाणी तो शाळेच्या वेळेत, शिक्षकाच्या शिकवण्याच्या जागी वापरला. काही ठिकाणी शाळा सुटल्यावर किंवा भरण्याआधी, जादा म्हणून वापरला. निकाल काय आला? जादा म्हणून वापरला तिथे मुलांचं गणित सुधारलं. शिकवण्याच्या जागी वापरला तिथे मुलं, संगणक नसलेल्या वर्गांतल्या मुलांच्या मागे पडली. संगणक तोच, चित्रं तीच, उदाहरणं तीच. फरक एवढाच की एका ठिकाणी त्याने कोणाचीच जागा घेतली नाही, आणि दुसऱ्या ठिकाणी शिकवणाऱ्या बाईंची घेतली.

म्हणून आजच्या व्याख्यानाचं शीर्षक असं ठेवलंय. स्क्रीन चांगली की वाईट, हे विचारण्यात अर्थ नाही. ती चाळीस मिनिटं पूर्वी कोणाकडे होती, हे विचारायचं.

बहुतेक वर्गांत ती चाळीस मिनिटं फळ्याकडे होती. फळ्याबद्दल आपण फार कमी विचार करतो. फळ्यावर बाई अपूर्णांकांची बेरीज मांडतात, तेव्हा हाताचा वेग हा विचाराचा वेग असतो. त्या छेद लिहितात, थांबतात, मागे वळून बघतात. कोणाच्या कपाळावर आठी आहे हे दिसतं. मग पुसतात आणि वेगळ्या तऱ्हेने मांडतात. मुलगा वहीत उतरवतो तोही त्याच वेगाने. पडद्यावर तेच गणित सोडवलेलं येतं. सुंदर रंगात पोळीचे चार तुकडे होतात, एक तुकडा सरकतो, उत्तर उजळतं, संगीत वाजतं, पुढचं गणित. मुलाला वाटतं कळलं. शिक्षकालाही वाटतं कळलं. वहीत करायला दिलं की कळतं, काय कळलं ते. गणित चुकतं कुठे, तर पायऱ्यांच्या मध्ये. तयार चित्रफितीत तो ‘मध्ये’ नसतोच.

तुम्ही म्हणाल, चित्रफीत थांबवता येते की. येते. चांगले शिक्षक थांबवतातही. पण थांबवायचं कुठे हे ज्याला कळतं तो शिक्षक फळ्यावरही उत्तमच शिकवत होता. ज्याला कळत नाही, किंवा ज्याच्याकडे दोन वर्ग जोडून दिलेत, त्याच्यासाठी पडदा ही मुलांना गप्प बसवायची सोय होते. आणि हे आम्ही शिक्षकाला दोष देण्यासाठी म्हणत नाही. एका शिक्षकाकडे तिसरी आणि चौथी एकत्र असेल, तर एका वर्गाला टीव्ही लावून देऊन दुसऱ्याला शिकवणं हा त्याचा नाइलाज आहे. तेव्हा त्या टीव्हीबद्दलची तक्रार शिक्षकाकडे न करता, रिकामी पदं ज्यांनी भरली नाहीत त्यांच्याकडे करायला हवी.

वाचनाचंही थोडं असंच. 2018 मध्ये 54 अभ्यासांचे निकाल एकत्र करून मांडले गेले. त्यात वाचणारे एक लाख सत्तर हजारांहून जास्त होते. माहितीपर मजकूर कागदावर वाचणाऱ्यांना जास्त समजतो, पडद्यावर कमी, आणि वेळेचं बंधन असेल तर हा फरक वाढतो, असं दिसलं. फरक प्रचंड नाही, पण सातत्याने दिसतो. स्वीडनने 2023 मध्ये बालवाडीपासून साधनं डिजिटल करण्याचं धोरण मागे घेतलं आणि छापील पुस्तकांसाठी 685 दशलक्ष क्रोनरची तरतूद केली. त्यांनी पंधरा वर्षं करून बघितलं, पैसे घालवले, आणि परत आले. आपण त्यांच्या जाण्याची नक्कल आत्ता कुठे सुरू केलीय. परत येण्याची नक्कल कधी करणार?

आता डोळे. हा पालकांचा पहिला प्रश्न असतो, म्हणून टाळत नाही. लांबून बघायचा टीव्ही आणि नाकाजवळ धरलेला फोन यांत डोळ्यांच्या दृष्टीने पुष्कळ अंतर आहे. शाळेतल्या पडद्याने चष्मा लागतो असं सरळ म्हणता येणार नाही. पण चीनमधल्या ग्वांगझू शहरात बारा शाळांमध्ये एक प्रयोग झाला, तो 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. सहा-सात वर्षांच्या मुलांना काही शाळांत रोज चाळीस मिनिटं जादा मोकळ्या हवेत नेलं. तीन वर्षांनी बघितलं, तर बाहेर जाणाऱ्यांत 30.4 टक्के मुलांना लघुदृष्टिदोष आला होता, इतरांत 39.5 टक्के. म्हणजे डोळ्यांना हवा असतो तो उजेड. आणि आपल्याकडे काय होतं बघा: प्रोजेक्टरवर नीट दिसावं म्हणून पडदे ओढतात, खिडक्यांना काळा कागद लावतात. बाहेर लख्ख ऊन, आणि आत चाळीस मुलं अंधारात बसलेली. ट्यूबलाइटसुद्धा बंद. थेरगाव, चिखली, मोशी या भागांत किती खाजगी शाळांना पळता येईल असं मैदान आहे, हे तुम्हीच आठवून बघा. पार्किंगमध्ये पीटीचा तास होतो. डोळ्यांची एवढी काळजी असेल तर शाळेला पहिला प्रश्न मैदानाबद्दल विचारा, टीव्हीबद्दल नंतर.

शिक्षकाच्या हातातल्या फोनकडे येऊ. हा भाग आम्हाला सगळ्यात जास्त टोचतो, आणि पालकांना त्याची कल्पनाच नसते. सरकारी शाळेतल्या शिक्षकाचा दिवस बघा. पोषण आहाराची रोजची माहिती भरायची. ‘सरल’मध्ये मुलांची माहिती. यू-डायस. आधार जुळत नाही त्यांची यादी. उपक्रमाचा फोटो, फोटोची लिंक, लिंकचा स्क्रीनशॉट. डिसेंबर 2023 पासून तर मुलांची हजेरीसुद्धा ‘स्विफ्टचॅट’वरच्या चॅटबॉटला द्यायची असा आदेश निघाला. ग्रुपवर ‘आज पाच वाजेपर्यंत, अत्यंत तातडीचे’ असा मेसेज येतो, दुसऱ्या दिवशी तीच माहिती वेगळ्या तक्त्यात मागतात. शिक्षकांनी ‘आम्हाला शिकवू द्या’ म्हणत मोर्चे काढले ते काय उगाच? ही घोषणा जरा सावकाश ऐका. पगारवाढ मागणाऱ्या घोषणा आपण पुष्कळ ऐकल्यात. आपलं मूळ काम करू द्या अशी विनवणी करणारा दुसरा कुठला नोकरदार वर्ग तुम्हाला माहीत आहे?

याचा वर्गावर काय परिणाम होतो? पहिलीतली मुलगी पाटीवर अक्षर काढून बाईंना दाखवायला येते. बाई म्हणतात, ‘थांब हं, पाटी अशी धर,’ आणि फोटो काढतात. फोटो वर जातो. पाटीवरचा ‘ळ’ उलटा काढलाय, हे बघायला सवड राहत नाही. मूल दिवसभर काय बघतं? की मोठ्या माणसांच्या जगात फोन पहिला, आपण दुसरे. मुलांना स्क्रीनची सवय कुठून लागते याचा शोध घेताना हेही तपासून बघावं, असं आम्ही शिक्षण खात्याला नम्रपणे सुचवू. खाजगी शाळांतही वेगळं नाही. तिथे फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकायचे असतात, आणि दोन वाजेपर्यंत फोटो आला नाही की विचारणारे आपणच असतो.

राहिला घरचा फोन. 2020 मध्ये शाळा बंद झाल्या. केंद्राने ‘प्रज्ञाता’ नावाची मार्गदर्शक तत्त्वं काढली. बालवाडीला दिवसाला अर्ध्या तासाहून जास्त नको, पहिली ते आठवीला तीस-पंचेचाळीस मिनिटांची दोनच सत्रं, असं त्यात होतं. कागदावर उत्तम. पण आपल्या पट्ट्यात घरात फोन एक, आणि तो फर्स्ट शिफ्टला महाळुंग्याला गेलेला. कंपनीच्या गेटवर जमा केलेला. पोराला तो मिळायचा बाप घरी आल्यावर, सेकंड शिफ्ट असेल तर रात्री बारा वाजता. मग ते मूल अभ्यास कसला करणार? त्याने फोन हातात घेतला, आणि त्या रात्रींमधून जी सवय लागली ती शाळा उघडल्यावर गेली नाही. शाळांनीही सोय बघितली. डायरी लिहून द्यायला वेळ लागतो, ग्रुपवर टाकायला लागत नाही. ‘असर’चा 2024 चा अहवाल ग्रामीण भारताबद्दल सांगतो, की चौदा ते सोळा वयाच्या मुलांपैकी 82 टक्क्यांहून जास्त मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. चाचणीआधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरलेली मुलं 57 टक्के, समाजमाध्यमांसाठी वापरलेली 76 टक्के. अभ्यासाच्या नावाने दार उघडलं की आत कोण कोण येतं, हे या दोन आकड्यांत दिसतं.

सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव आहे. 2022 मध्ये तिथल्या गावकऱ्यांनी ठरवलं: संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजेल, दीड तास टीव्ही-मोबाईल बंद, मुलं अभ्यासाला. आम्हाला याचं फार कौतुक आहे, कारण नियम मुलांना एकट्यांना नाही, मोठ्यांनाही आहे. पालकसभांमध्ये लोक हमखास हे उदाहरण देतात. पण ते इथे जसंच्या तसं चालेल का? गावात सात वाजता आईबाप घरात असतात. नाणेकरवाडीत, खराबवाडीत सात वाजता बाप लाइनवर आहे, आई पॅकिंगला, आणि खोलीत दहा वर्षांची बहीण सहा वर्षांच्या भावाला सांभाळतेय. भोंगा वाजला तरी ऐकणार कोण? तिथे फोन ही चैनीची वस्तू नसते, तो आईबापांच्या जागी असतो. ‘पोहोचलात का घरी, दार लावून घ्या,’ हे त्याच्यावरच सांगायचं असतं. तो ‘काढून घ्या’ असं व्यासपीठावरून सांगणं सोपं आहे.

आणि इथे गुरुवार येतो. पालकसभा कधी असते? शनिवारी, नाहीतर रविवारी. कारण शहरातल्या ऑफिसवाल्यांना ते सोयीचं. ज्यांची सुट्टी गुरुवारची त्यांनी खाडा करून यायचं. म्हणजे एका दिवसाचा पगार, कंत्राटी असेल तर वर सुपरवायझरची बोलणी. म्हणून तो येत नाही, आणि शाळेच्या वहीत नोंद होते, ‘पालक उदासीन’. स्क्रीनबद्दल पालकांशी बोलायचंय ना? मग या पट्ट्यातल्या शाळांनी पालकसभा गुरुवारी संध्याकाळी ठेवाव्यात. याला पैसे लागत नाहीत, शासन निर्णय लागत नाही. मुख्याध्यापकांची इच्छा लागते.

एवढं बोलल्यावर कोणी म्हणेल, हे काय, सगळा विरोधच. नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले, ज्यांना 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, त्यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणले आणि पुढे राज्याने ती कल्पना उचलली. त्यात पुस्तक जागेवर राहिलं, ही त्यातली खुबी. कोड स्कॅन केला नाही तरी पान वाचता येतं. दिल्लीत ‘माइंडस्पार्क’ नावाच्या कार्यक्रमाचा अभ्यास झाला. शाळा सुटल्यावरच्या केंद्रांत मुलं अर्धा वेळ संगणकावर आणि अर्धा वेळ शिकवणाऱ्या ताई-दादांबरोबर बसायची. साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी दोन्हींत चांगला फरक पडला. कारण सातवीतल्या मुलाला चौथीचं येत नसेल तर ते यंत्र त्याला चौथीचंच देत होतं. साठ मुलांच्या वर्गात हे एकट्या शिक्षकाला जमत नाही. कुदळवाडीत, चाकणमध्ये घरी हिंदी बोलणारी कितीतरी मुलं मराठी शाळेत बसतात. त्यांना मराठी शब्द पुन्हा पुन्हा, न चिडता ऐकवायचा असेल तर यंत्र कामाचं आहे. हृदयाची झडप कशी उघडते हे फळ्यावर काढणं कठीण, ते दोन मिनिटं जरूर दाखवा. मग बंद करा आणि बोला.

आणि अगदी आपल्या शेजारचं उदाहरण. खेड तालुक्यातली जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा, दत्तात्रय वारे गुरुजींची. 2025 मध्ये जगातल्या उत्तम शाळांसाठीच्या पुरस्काराच्या यादीत ती गेली. तिचं नाव कशासाठी काढलं गेलं? ‘विषयमित्र’ पद्धतीसाठी. मोठी मुलं लहानांना शिकवतात, ज्याला जे येतं तो ते दुसऱ्याला सांगतो. चाकणपासून ही शाळा लांब नाही. गुरुवारी गाडी काढून बघून या.

वेळ होत आली. चिठ्ठ्या बऱ्याच आल्यात, दोनच घेतो.

पहिली चिठ्ठी: ‘मुलाच्या शाळेत स्मार्ट बोर्डसाठी वेगळी फी घेतात. नको म्हटलं तर चालतं का?’ फीचे घटक पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावे लागतात. महाराष्ट्राच्या शुल्क नियमन कायद्यातच तशी तरतूद आहे. एकट्याने नको म्हणू नका, पाच-दहा पालक मिळून समितीकडे लेखी मागा: करार कोणाशी, किती वर्षांचा, आणि बोर्ड रोज किती तास चालतो. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर वर्गशिक्षकांनाही माहीत नसेल, तर ते उत्तरच समजा.

दुसरी चिठ्ठी एका शिक्षिकेची आहे, नाव लिहिलेलं नाही: ‘गृहपाठ ग्रुपवर टाकणं बंद केलं तर पालक मुख्याध्यापकांकडे तक्रार करतात. काय करू?’ बाई, फळ्याच्या एका कोपऱ्यात गृहपाठ लिहा आणि शेवटची पाच मिनिटं मुलांना तो वहीत उतरवून घ्यायला द्या. महिनाभर ग्रुपवरही टाका, पण रात्री नऊनंतर. बहुतेक मुलांचा तोवर झालेला असेल. मग तक्रार करणाऱ्या पालकांना वही दाखवायला बोलवा. गुरुवारी.